गाठीला नोटीस

निवृत्त लिपिक अप्पाराव यांच्या डाव्या मूत्रपिंडात एक गाठ झाली आणि तिनं एकही अर्ज न करता रक्ताची नवी जोडणी मिळवली. एकतीस वर्षं नळजोडणीचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणाऱ्या माणसाला कर्करोगापेक्षा हेच जास्त झोंबलं.

"मंजुरी कोणी दिली?" त्यांनी डॉक्टर सुलेखाबाईंना विचारलं.

"मंजुरी कसली, काका? गाठ वाढली की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग ती ओरडा करते, म्हणजे रासायनिक निरोप सोडते. शेजारच्या रक्तवाहिनीला नव्या फांद्या फुटतात आणि थेट गाठीत शिरतात."

"स्थळपाहणी न करताच?"

"जखम झाली की असाच निरोप जातो. शरीर विश्वास ठेवतं."

"म्हंजे अर्ज खोटा आन् शिक्का खरा! लई पोचलेली दिसती." बोलले खरे, पण अप्पाराव पार हादरले होते. गोळ्यांनी तो निरोप अडवायचा, गाठीला उपाशी ठेवायचं आणि मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. नाहीतर त्याच फांद्यांतून ती अंगभर पसरणार होती.

अप्पाराव गोळ्या घेऊ लागले, पण बिनकागदाच्या कारवाईवर त्यांचा भरवसा बसेना. पुंडलिकनगरच्या घरी येताच त्यांनी रीतसर नोटीस लिहिली: 'आपण मूळ वाहिनीस विनापरवाना फांद्या काढून शेजाऱ्यांच्या वाट्याचा पुरवठा ओढत असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.' रोज सकाळी स्वतःच्या कुशीकडे बघत ते ती मोठ्यानं वाचायचे. शेवटी बायकोनं, लीलाबाईंनी, वैतागून ती दाराशेजारच्या भिंतीला डकवली.

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. अप्पारावांनी नेहमीप्रमाणे नळाला थेट जोडलेली मोटार सुरू केली. थोड्या वेळात शेजारच्या मुक्ताबाई रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या.

"अप्पा, मोटार बंद करा की! आमच्या नळाला थेंब नाय."

"आवो, आमालाच पुरत नाय! पाण्यावाचून जीव चाललाय इथं!" अप्पाराव ओरडले. गच्चीवरची टाकी भरून पाणी अंगणात पडत होतं.

मुक्ताबाईंची नजर भिंतीवर गेली. नोटीस वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला. "आगं बाई, आली का नोटीस? देव पावला!"

"ती मला नाय, गाठीला हाय!"

"मग मी तरी काय म्हणतेय?"

अप्पारावांचा हात कुशीवर गेला. मोटारीच्या बटणाकडं मात्र गेला नाही.

गल्ली पोट धरून हसली, पण कुणाचं हसू कुणाला ऐकू गेलं नाही. घरोघरी मोटारी चालू होत्या. तुम्हीही हसलात ना? मग आता गप्प बसून जरा कान द्या, तुमच्या घरातनं कसला आवाज येतोय.