खालची आडवी पट्टी

कूलरच्या नव्या स्टँडसाठी घरमालक काकासाहेबांनी दोनच अटी घातल्या होत्या. गॅलरीवर लोखंडाचं जास्त ओझं नको आणि कूलरच्या पाण्याचा एक थेंबही खाली नको. "थेंब पडला की खोली रिकामी," असं बजावून त्यांनी नवा भाडेकरार सही न करताच खिशात घातला. एवढी हवेशीर खोली संघपालला शहरात पुन्हा मिळणार नव्हती आणि त्याच्या आईचा, केसरबाईंचा, तर त्या गॅलरीवर जीव होता.

तरी मनातून गडी खूश होता. बिडकीनच्या कारखान्यात तो हेच तर करायचा. संगणकावर सांगाडा उभा करायचा, एकेका भागाची जाडी जराशी बदलायची आणि त्यानं सांगाड्याचं हलणं किती बदलतं ते पाहायचं. फार फरक पडला तर तो भाग लाल दिसतो, काहीच नाही पडला तर निळा. निळं काढून टाकलं की वजन उतरतं. जुना गंजका स्टँड डुगडुगायचा, म्हणूनच पाणी हिंदकळून खाली पडायचं. संघपालनं अख्खा रविवार खर्ची घालून नवा स्टँड संगणकावर तपासला. पाय लाल, वरची चौकट केशरी आणि खालची आडवी पट्टी निळीशार.

शहागंजातला वेल्डर मात्र अडून बसला. "भाई, नीचे की पट्टी सब लगाते."

"कशाला लावतात?"

"वो नै मालूम. पन सब लगाते."

संघपाल शिकलेल्या माणसासारखा हसला आणि पट्टी गाळली गेली.

स्टँड आला, कूलर चढला. संघपालनं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, पण कूलर ढिम्म. "आई, आता थेंब पडला तर संघपाल नाव लावणार नाही!"

दुसऱ्या दिवशी केसरबाई भरली बादली घेऊन आल्या. कूलरचं तोंड उंच, म्हणून बारा वर्षांच्या सवयीनं त्यांनी खालच्या पट्टीवर पाय दिला. पट्टी नव्हतीच. पाय फरशीवर आदळला, तोल कठड्यावर गेला आणि बादलीतलं पाणी थेट अंगणात, कुरडयांची राखण करत पेपर वाचणाऱ्या काकासाहेबांवर. कुरडया तेवढ्या वाचल्या.

काकासाहेब निथळत वर आले. "थेंब म्हणलो होतो मी. ही तर बादली!"

"पण स्टँड हलला नाही, काकासाहेब!" संघपालनं लॅपटॉप उघडला. "बघा, त्या पट्टीनं काहीच फरक पडत नाही."

"आन् यात तुझी आई कुठंय?"

"आई यात धरलेली नाही."

"व्हय का?" केसरबाई कडाडल्या. "समदं लोखंड धरलं, आन् मी तेवढी नाय? त्या पट्टीवरच पाय दिऊन पाणी भरते मी!"

"पट्टीची सबब सांगू नका," काकासाहेब म्हणाले. "तीस वर्षं कूलर भरतोय मी. दावतो, पट्टीबिगर कसं भरत्यात!" त्यांनी दुसरी भरली बादली झोकात उचलली. पण सवय बिचाऱ्या पायांत होती. उजवा पाय आपसूक वर गेला, पट्टी शोधत खाली आला आणि बादली कठड्यापलीकडे रिती झाली. या वेळी कुरडया वाचल्या नाहीत.

"कोण हाय त्ये?" खालून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "लेकीसाठी पहाटं उठून घातल्या होत्या मी! कुणी सांडलं पाणी?"

बायकोचा तो सूर काकासाहेब चांगलाच ओळखून होते. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी हात जोडून केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाईंनी त्यांना जरा वेळ तसंच उभं ठेवलं आणि मग कठड्यावरून वाकून ओरडल्या, "माझ्याच हातून सांडलं, वहिनी! आले मी, नव्या घालू लागते!"

काकासाहेबांनी खिशातला ओला भाडेकरार काढला, संघपालचं पेन मागून घेतलं आणि मुकाट्यानं सही केली.

संध्याकाळी संघपालनं संगणकात पट्टी परत बसवली आणि तिच्यावर पाय देणाऱ्या माणसाचं वजनही टाकलं. निळी पट्टी सगळ्यांत लाल झाली. काकासाहेब मागं उभं राहून बघत होते.

"कितीचा मानूस धरलास?"

"आई धरलीय. साठ किलो."

काकासाहेबांनी जिन्याकडे एकदा नजर टाकली आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "नव्वद धर. पण नाव लिहू नको."