बस, ऊठ, हात वर, वाक

व्यायामाला घालायच्या पँटला मी खळ घातली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या नातवंडांच्या तोंडून तिखटमीठ लावून कळायला नको. सुती कपडा धुतला की खळ आणि त्यावर कडक इस्त्री, एवढं एकच शास्त्र माझ्या हातांना ठाऊक होतं. पँट सुती होती. मेन रोडवरच्या दुकानात मी ती साडीसारखी खांद्यावर टाकून आरशात पाहिली होती, रंग जाणार नाही ना असं दुकानदाराला खोदून खोदून विचारलं होतं. इस्त्री झाल्यावर ती भिंतीला टेकवली तर आपली आपण उभी राहिली. मला त्याचा अभिमान वाटला. पंचेचाळिशीची, शिकलेली, दोन मुलांची आई इतकी बावळट असू शकते, यावर आज माझाच विश्वास बसत नाही.

जिमच्या दारात आव्हाडबाई उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "बस."

मी खुर्ची शोधायला लागले.

"खुर्चीत नाय. खाली. उकिडवी."

मी बसले. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली.

"ही पँट हाय का पत्रावळ?" आव्हाडबाई म्हणाल्या. "घरी जा."

हा आमचा पहिला परिचय. त्या अपमानाचा राग माझ्या डोक्यातून अजून पुरता उतरलेला नाही. मागच्या सगळ्या बायका हसत होत्या आणि मी पर्स मागे धरून, भिंतीला पाठ घासत जिना चढले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, शेवटाशेवटाची. गंगापूर रोडच्या एका इमारतीच्या तळघरात ती जिम होती. सकाळ-संध्याकाळ पुरुष आणि दुपारी बायका. दुपारच्या बायकांवर आव्हाडबाईंचं राज्य. सिन्नरकडच्या, शाळेतल्या पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या, घरी एकट्याच. काटकुळ्या, उंच, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आत्ताच कुणीतरी त्यांच्या पायावर डंबेल टाकलंय. सगळ्या जगावर त्यांचा राग होता, पण खरा राग कपड्यांवर. आत यायचं तर दारात चार गोष्टी करून दाखवायच्या. बस, ऊठ, हात वर, वाक. यात कुठे काही टोचलं, ताणलं, वाजलं किंवा दिसलं, तर घरी जा.

त्या परीक्षेत नापास झालेल्यांची जत्राच होती. एक बाई गाऊन घालून आणि वर लाज म्हणून खांद्यावर टॉवेल टाकून आली. एकीने ओढणीला इतक्या पिना लावल्या होत्या की हात वर केल्यावर ड्रेसच वर आला. एक चकचकीत नायलॉनचा सूट घालून आली, तिला आव्हाडबाई म्हणाल्या, "छत्री घालून आलीस का गं?" आणि ओझरकडची एक शेतकऱ्याची सून द्राक्षांवर फवारायच्या औषधाबरोबर फुकट मिळालेला टी-शर्ट घालून आली. छातीवर भल्यामोठ्या अक्षरांत भुरी रोगाची जाहिरात. तिला आव्हाडबाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं. "हा बघा कपडा. सुती हाय, ढगळ हाय, घाम पितो. शिका जरा."

"पण बाई, त्यावर बुरशीचं चित्र आहे," मी म्हणाले.

"तुझ्या पँटवर काय कमळ होतं?"

सगळ्यात जास्त त्या चिडायच्या ते बायकांच्या एका सवयीवर. वाकलं की मागून कुर्ता खाली ओढायचा, उठलं की पुढून ओढायचा. अर्धा व्यायाम ओढण्यातच जायचा. "हात दिलेत ते वजन उचलायला, पदर सांभाळायला नाय," असं म्हणून त्या हातावर चापट मारायच्या. मलाही मारली. नवऱ्याने कधी मारली नव्हती. "जे घातलंय ते घातल्याचं विसरलीस पायजे, मग तो कपडा खरा," हे त्यांचं पालुपद. साडीचं तर नाव काढायची सोय नव्हती. शाळेच्या नियमाप्रमाणे त्या अख्खी नोकरी साडीत पळाल्या होत्या. मुलींना लांब उडी शिकवायची ती एका हाताने निऱ्या धरून.

तर पँटशिवाय आव्हाडबाई आत घेत नाहीत आणि पँट घातली तर सासूबाई घरात घेत नाहीत, अशी माझी अवस्था. "आपल्या घरातल्या बायका पँट घालत नाहीत," हा सासूबाईंचा निकाल. यजमानांना विचारलं तर ते पेपरच्या आड. इकडे डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून सांगितलेलं, वजन उतरवा, नाहीतर काही वर्षांत जिना विसरा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना विसरायचा म्हणजे घरातच बसायचं, गॅलरीतून भाजीवाल्याला दोरीने टोपली सोडायची, आणि खालून कोण गेलं ते बघत म्हातारं व्हायचं.

मग मी माझी अक्कल चालवली. आत पँट, वर साडी. जिममध्ये पोचलं की साडी सोडून घडी घालायची. नाशिकच्या मे महिन्यात हा प्रयोग करून बघा. व्यायामाच्या आधीच मी घामाने निथळायची, वजन बहुधा त्यानेच उतरत होतं. एक दिवस जिन्यात साडी वर खोचली आणि निळ्या पँटचा काठ दिसला. नेमक्या मागे सासूबाई.

त्या वर गेल्या, देवापुढे बसल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "उद्यापासून जायचं नाही."

मी तशीच उलट्या पावली जिममध्ये गेले. आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. सासूवर चिडायची टाप नव्हती, म्हणून आव्हाडबाईंवर चिडले. "तुमच्या पँटीपायी माझं येणं बंद झालं," म्हणाले. "तुम्हाला काय, तुमच्या घरी विचारणारं कोण आहे?"

त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. "पत्ता सांग."

संध्याकाळी आल्या. ट्रॅकसूट, बूट, सगळा सरंजाम. बूट दाराबाहेर काढले तेवढाच काय तो आमच्या घराचा मान. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर उकिडव्या बसून मेथी निवडत होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, नऊवारी लुगडं, घट्ट काष्टा.

"आजी, मी पीटीची बाई."

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला सोंग घालायला लावतेस ती तूच ना?" आणि रागाने उठल्या. गुडघ्याला हात न लावता उठल्या. फडताळाच्या वरच्या फळीवरचा पिठाचा डबा दोन्ही हातांनी खाली काढला. परात ओट्याखाली आत सरकली होती, ती कमरेत वाकून ओढली. तोंडाने सरबत्ती चालूच होती. वयात आलेल्या मुली घरात आहेत, लोक काय म्हणतील, बाईमाणसाचे पाय दिसले की घराची लक्ष्मी जाते.

आव्हाडबाई ऐकत नव्हत्या. बघत होत्या. बस, ऊठ, हात वर, वाक. म्हातारीने न सांगता चारही करून दाखवलं होतं आणि एकदाही पदर ओढला नव्हता.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय घातलंय?"

"लुगडं. डोळे फुटले का?"

"दोन पाय येगळे, मधून काष्टा. ही पँटच हाय की. आमच्या सगळ्या बायकांत असा कपडा कुणाचा नाय. पास झाल्या तुम्ही."

सासूबाईंच्या हातातली परात हवेत राहिली. मला वाटलं, आता आव्हाडबाईंच्या डोक्यात बसतेय. "माझ्या लुगड्याला पँट म्हणतेस?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ आपल्याच पायांकडे बघत राहिल्या. "सूनबाई," शेवटी म्हणाल्या, "पाय वेगळे असणं हे पाप असेल तर मी ते जन्मभर केलं. जा, घाल काय घालायचं ते. वर साडी नको, जिन्यात पाय अडकून पडलीस तर मला करावं लागेल सगळं."

मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पुन्हा चिडले. इतके दिवस मी उन्हात दोन कपडे घालून शिजत होते आणि या बाईने एका वाक्यात काम केलं.

पण सासूबाईंचा राग अजून संपला नव्हता. त्याला नुसती जागा बदलून हवी होती. "आणि तू गं," त्या आव्हाडबाईंकडे वळल्या, "अंगावर मूठभर मांस नाही आणि दुसऱ्यांची वजनं उतरवतेस? केसांना तेल कधी लावलंस शेवटचं? सकाळी काय खाल्लंस?"

"चहा," आव्हाडबाई म्हणाल्या. "एकटीसाठी कोण चूल पेटवतं?"

"चहा. बस खाली. आणि पाठ सरळ कर, मास्तरीण आहेस ना."

तळघरातल्या सगळ्या बायकांना एका शिट्टीवर थरथर कापायला लावणाऱ्या आव्हाडबाई आमच्या ओट्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. मान खाली घालून त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, मेथी खाल्ली, ठेचा मागून घेतला. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि बोलत होत्या. हळू खा, ठसका लागेल. ताक घे. एकटी राहतेस म्हणून काय झालं, चूल पेटवायला माणसं मोजावी लागतात का? आव्हाडबाई नुसत्या ताट पुढे करत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बिनरागाचं बघितलं आणि त्या ओळखू येईनात. दुपारचं माझं ते "विचारणारं कोण आहे" आठवलं आणि मी त्यांच्या ताटात आणखी मेथी वाढली.

निघताना मी त्यांना सोडायला खालपर्यंत गेले. त्यांनी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, उठल्या, थोडं पुढे गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं, माझ्या पँटबद्दल अजून काही बोलायचं राहिलं असेल. वरच्या आमच्या खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, "रविवारी जिम बंद असती. मी येऊ का? आई गेल्यापासून मला रागवणारं कुणी नाय."