तीन टॉर्च आणि नानांची कावीळ

टॉर्च या विषयात सातपूर कॉलनीत माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो! दोन हजार सहा सालची गोष्ट. आमच्या भागात तेव्हा रोज संध्याकाळी सहा ते आठ लोडशेडिंग असायचं. त्या दोन तासांत बाकीचे लोक बोर्डाला शिव्या द्यायचे. मी अभ्यास करायचो!

शालिमारच्या फुटपाथवरून खिशात मावतील अशा तीन टॉर्च मी आणल्या होत्या. पहिलीत साधा बल्ब. दुसरीत नऊ एलईडींचा घोस. तिसरीत एकच एलईडी, पण असा जहाल की बटण दाबलं तर समोरचा माणूस न विचारता गुन्हा कबूल करेल! दोनशे पानी वहीत मी तिघींची तुलना लिहून काढत होतो. उजेडाचा रंग कसा, उजेड कमी-जास्त किती प्रकारे होतो, आणि रोजच्या संसारात उपयोग काय. उपयोगाच्या रकान्यात कुलूप उघडणे, शेगडीखालचं झुरळ शोधणे, दूध उतू गेलंय की जायचंय ते बघणे, अशा एकूण अठरा परीक्षा होत्या.

"अठरापैकी एक तरी काम तुम्ही उजेडात करता का?" माझी बायको ललिता विचारायची.

संशोधकाच्या नशिबी हे असायचंच.

अभ्यास असा रंगात आलेला असताना माझ्या मेहुणीला, भाग्यश्रीला बघायला मनमाडहून पाहुणे यायचं ठरलं. मुलगा रेल्वेत. भाग्यश्री वणीला शाळेत शिक्षिका. दिवाळी चार दिवसांवर आलेली, मुलाला सुट्टी तेवढी एकच संध्याकाळ. सगळ्यांना सोयीचं म्हणून कार्यक्रम आमच्या घरी, संध्याकाळी सात वाजता. म्हणजे भर अंधारात!

"इन्व्हर्टर आणू या का कुणाचा?" ललितानं विचारलं.

"मी असताना?" मी म्हणालो. "उजेडाचं खातं माझ्याकडे!"

माझे सासरे कोंडाजी, म्हणजे आमचे नाना, मखमलाबादच्या पुढं त्यांचा मळा. ते शेतातून थेटच आले. साडेसहाला मी तिन्ही टॉर्च घेऊन हॉलमध्ये उभा राहिलो आणि भाग्यश्रीला म्हणालो, "बस बरं इथं खुर्चीवर. कोणत्या उजेडात तू चांगली दिसतेस ते आधी ठरवून टाकू."

"दाजी, मी काय पैठणी आहे का, उजेडात धरून रंग बघायला?" असं म्हणून ती जी पोह्यांकडे गेली ती बाहेर आलीच नाही.

नाना मात्र उत्साहानं खुर्चीवर बसले. "माझ्यावर मारा बॅटरी, जावईबापू! मला काय कोनी नापसंत करनार नाय."

मी पहिली टॉर्च लावली.

नाना पिवळे दिसत होते! कपाळ पिवळं. गाल पिवळे. मी जवळ गेलो, तर डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं.

"नाना, हात दाखवा बरं."

त्यांनी दोन्ही पंजे पुढं केले. तळहात तर असे, की नवऱ्यामुलानं लाजावं!

मी घाईघाईनं दुसरी टॉर्च लावली. तिच्यात ओठ निळे, नखं निळी. तिसरी लावली. तिच्यात तर नाना इतके पांढरेफटक दिसले की मी पटकन बंदच केली. बघवेना हो!

"कोन्ती चांगली?" नानांनी हसत विचारलं.

"तिन्ही... बऱ्या आहेत," मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात धूम ठोकली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? तर दोनच वर्षांपूर्वी नानांचे धाकटे भाऊ, झिपरूकाका, काविळीनं गेले होते. आधी डोळे पिवळे झाले. "होईल बरं" म्हणत त्यांनी आठ दिवस काढले, झाडपाला घेतला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या सासुरवाडीत कावीळ हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

मी ललिताच्या कानात तो उच्चारला. तिच्या हातातली पळी खाली पडली. तिनं पहिली टॉर्च माझ्या हातातून घेतली, बाहेर जाऊन नानांच्या तोंडावर धरली आणि "अगं बाई!" म्हणून भिंतीला टेकली.

"काय झालं गं? मला तर काय होत नाय," नाना म्हणाले. "उलट भूक लय लागलीया."

"काविळीत भूक मरते ना?" भाग्यश्री दारातून म्हणाली.

"तीच तर खोटी भूक!" मी म्हणालो. घाबरलेला माणूस वैद्यकशास्त्रही नवीन काढतो!

पावणेसात झाले होते. पाहुणे पंधरा मिनिटांत येणार. थांबावं की जावं? ललिता रडायच्या बेतात. मी खोलीत येरझारा घालतोय. शेवटी भाग्यश्रीच म्हणाली, "तुम्ही नानांना घेऊन जा. काकांच्या वेळी आपण थांबलो होतो. पाहुण्यांचं मी बघते."

मी टॉर्च खिशात कोंबल्या, स्कूटर काढली. पुढं मी, मध्ये नाना, मागं ललिता. नेमका त्याच दिवशी स्कूटरचा दिवा गेलेला! ललितानं तिसरी टॉर्च माझ्या खांद्यावरून पुढं धरली. रस्त्यावर किट्ट अंधार. तिनं उजेड वाढवायला बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि टॉर्च लुकलुकायला लागली. त्या टॉर्चचा तो चौथा प्रकार. वहीत मी त्याच्यापुढं 'उपयोग: काही नाही' असं लिहिलं होतं. पण काय सांगू! ती लखलख बघून रिक्षा बाजूला झाल्या, टेंपो बाजूला झाला, एक म्हैससुद्धा बाजूला झाली! त्र्यंबक रोडच्या चौकात हवालदारानं सगळी वाहतूक थांबवली आणि आम्हाला कडक सलाम ठोकला. त्यानं मला काय समजून ठोकला, देव जाणे. मी मान हलवली आणि पुढं गेलो.

मध्येच नाना माझ्या कानाशी वाकले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"जावईबापू, झिपरूसारखं हाय का हो?"

"नाही हो नाना! डॉक्टर बघतीलच."

"असलं तरी पाव्हन्यांना आज काय सांगू नका. पोरीचं तेवढं जमू द्या. मंग मला कुठंबी न्या."

मी स्कूटर आणखी पळवली. नानांचे ते पिवळे हात माझ्या खांद्यांवर घट्ट होते.

आमचे डॉक्टर गायधनी वयस्कर गृहस्थ. दवाखान्यात टेबलावर एक मेणबत्ती, बाजूला त्यांचा कंपाउंडर मंगळू पुठ्ठ्यानं वारा घालतोय. डॉक्टरला वारा लागू द्यायचा आणि मेणबत्ती विझू द्यायची नाही, अशी त्याची कसरत चालली होती.

"कावीळ!" मी आत शिरतानाच ओरडलो.

"कुणाला? आधी बसा," डॉक्टर म्हणाले. "अहो, या मेणबत्तीत मला रोगी आणि कंपाउंडर यांतला फरक कळत नाहीये. उजेड आहे का कुणाकडे?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला? मला! मी खिशातून तिन्ही टॉर्च काढून टेबलावर मांडल्या. "कोणती देऊ? ही पहिली घ्या. डोळ्यांना सौम्य आहे."

डॉक्टरांनी पहिली टॉर्च लावून नानांच्या पापण्या वर केल्या. बराच वेळ बघितलं. मग हळूच "हं" केलं. डॉक्टरांच्या या "हं"ला फार घाबरावं! ललितानं माझं मनगट असं आवळलं की माझी नाडी बंद पडली असती.

"बऱ्यापैकी दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासावं लागेल. मंगळू, कागद दे."

मंगळू कागद घेऊन वाकला. टॉर्चचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. डॉक्टर थबकले.

"मंगळू, तुला कधीपासून?"

"काय, साहेब?"

"जीभ दाखव. डोळे मोठे कर. अरे, तू तर पुढच्या पायरीला आहेस!"

मंगळू मटकन स्टुलावर बसला. डॉक्टरांनी टॉर्च ललिताकडे वळवली. "बाई, तुम्हालाही!" मग माझ्याकडे. "तुम्हाला तर सगळ्यांत जास्त!" एकदम साथ! सातपूरमध्ये साथ! कॉलनीचं पाणी, टाकी, मुलंबाळं, सगळं डोळ्यांपुढं येऊन गेलं. डॉक्टर तसेच उठले, बेसिनवरच्या आरशापुढं गेले आणि टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरली.

पूर्ण अर्धं मिनिट ते स्वतःकडे बघत राहिले.

मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि त्यावर टॉर्च धरली. रुमाल पिवळाधम्मक!

"रुमालालाही कावीळ झाली म्हणायची," डॉक्टर म्हणाले. "काय हो, ही टॉर्च तुमचीच ना? हिचा उजेड पिवळा आहे, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही?"

मी काही बोलायच्या आत ललिता बोलली. "लक्षात न यायला काय झालं? वहीत पहिल्याच ओळीला लिहिलंय यांनी. 'रंग: पिवळा. हळदीच्या दुधासारखा.' खाली दोनदा रेघ मारलीय!"

"पण हात?" मी शेवटची धडपड केली. "हात बघा ना त्यांचे! हात तर मेणबत्तीतही पिवळे आहेत!"

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा नानांच्या तळहातावर फिरवला. बोळा पिवळा झाला, हात साफ!

"काय करत होतात दिवसभर?"

"झेंडू खुडत व्हतो की," नाना म्हणाले. "दिवाळी चार दिसांवर आली. पहाटेपासून बावीस जाळ्या भरल्या."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलंच नाय! हे आपले बॅटऱ्याच मारीत सुटले!"

तरीही डॉक्टरांनी नानांना बाहेर नेलं. समोर भेळेच्या गाडीवर गॅसबत्ती जळत होती. त्या लख्ख उजेडात त्यांनी पुन्हा पापण्या वर केल्या, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "डोळे पांढरेशुभ्र. भूक लागलीय म्हणता ना? मग भेळ खा."

ललिता तिथंच गाडीला टेकून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. नानांनी खरोखर भेळ खाल्ली. मी घड्याळ बघितलं. पावणेआठ! पाहुणे येऊन पाऊण तास झाला होता. पोरगी घरात एकटी. बरं, उजेडाला म्हणावं तर... मी खिसे चाचपले. एक, दोन, तीन. तिन्ही टॉर्च माझ्याकडेच! कंदील-मेणबत्त्या मी कधीच बाद केलेल्या, घरात काडेपेटीखेरीज काही नाही!

गल्लीच्या तोंडाशीच मी स्कूटर ललिताच्या हाती दिली आणि तिन्ही टॉर्च लावून पळत सुटलो. आमच्या ओट्यावर अंधारात माणसं बसलेली दिसली. त्यांतला एक धिप्पाड गृहस्थ उठून उभा राहिला.

"आले! आले बोर्डाचे! अहो वायरमन, इकडं या. खांब तिकडं मागच्या बाजूला आहे बघा!"

"अहो, मी..."

"किती वाट बघायची माणसानं? चढायच्या आधी चहा घ्या हवं तर. आणि त्या बत्त्या बंद करा, डोळ्यांवर येतंय!"

हे मुलाचे वडील, मोतीरामअण्णा. मी टॉर्च बंद केल्या. तेवढ्यात नाना मागून येऊन पोचले, हात जोडून उभे राहिले. "माफ करा पाव्हनं, जरा काम निघालं..."

"काम कसलं? दवाखान्यात गेला होतात ना?" मोतीरामअण्णा त्यांचे हात धरून म्हणाले. "काय म्हणाले डॉक्टर?"

नाना गारठले. माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. मी कुठं सांगितलं होतं!

"मीच सांगितलं, नाना," भाग्यश्री अंधारातून म्हणाली. "हे आल्या आल्याच सांगितलं. कावीळ वाटतेय, म्हणून नेलंय. थांबायचं तर थांबा, नाहीतर पुन्हा केव्हातरी या."

"आमचा दत्तू तर दवाखान्याकडं यायला निघाला होता," मुलाची आई गोजराबाई म्हणाल्या. "पण पोरगी म्हणाली, तुम्हाला रस्ता माहीत नाही, अंधार आहे, उगाच दोन माणसं शोधायची वेळ येईल."

"झेंडू होता हो, झेंडू!" ललितानं मागून येत सगळी हकीकत सांगितली. ओटा हसून हसून हादरला. नाना मात्र हसत नव्हते. ते भाग्यश्रीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते.

हसणं थांबल्यावर मोतीरामअण्णा म्हणाले, "कोंडाजीराव, आम्ही तासभर हिचं बोलणं ऐकलंय. घरात खोटं बोलायची सवय नसलेली सून आम्हाला पाहिजे. आमच्याकडून पसंत."

"अहो पण तुम्ही हिला नीट बघितलंही नाही!" मी कळवळून म्हणालो. "थांबा, मी ही तिसरी मध्यम उजेडावर लावतो. तिच्यात चेहरा..."

"दाजी, राहू द्या," भाग्यश्री म्हणाली. "एक काडी मी ओढली, एक त्यांनी ओढली. झालं बघून."

"आणि मग? तुझं काय म्हणणं?" ललितानं विचारलं.

"दुसरी काडी त्यांच्या बोटाला चटका बसेपर्यंत त्यांनी विझवली नाही," ती म्हणाली आणि आत पळाली. दत्तू बोट झटकत राहिला.

तेवढ्यात आठ वाजले आणि लाईट आली. सगळी कॉलनी "हेऽऽऽ" करून ओरडली. मोतीरामअण्णांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "वा, वायरमन! न चढताच काम केलंत!"

मी थोरला जावई आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी तीन वेळा समजावून सांगण्यात आलं. तिन्ही वेळा ते "हो हो" म्हणाले.

वैशाखात मनमाडला लग्न लागलं. ऐन मंगलाष्टकांत मांडवातला माईक बंद पडला, पंखे थांबले. मी नवीन सफारी घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. मुलाकडची दोनशे माणसं एकदम वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि कुणीतरी माझ्यापुढं शिडी आणून ठेवली.

काय करता? चढलो!