झाकणाचा ठोका

पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या टेबलावर बसणारे लाइव्हराव (हे नाव त्यांना श्रोते मंडळाने दिलं होतं आणि आता ऑफिसातला शिपाईही त्यांना तेच म्हणायचा) यांनी त्या रविवारी सकाळी एक साधा निर्णय घेतला. मंडळाच्या सभेला बायकोला सोबत न्यायचं. यामागे प्रेमबीम काही नव्हतं. मतदान होतं.

मंडळ भरायचं चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत. तिथे दोन दांडगे स्पीकर होते आणि त्यांच्यावरून वर्षातून एकदा भांडण व्हायचं. पुढचं वर्षभर त्यांवर रॉकचे स्टुडिओत केलेले अल्बम वाजणार की लाइव्ह कार्यक्रमांची रेकॉर्डिंग? स्टुडिओ पक्षाचे पुढारी होते दातांचे डॉक्टर. त्यांना गाणं कसं स्वच्छ, घासूनपुसून, कुठेही फट नसलेलं लागायचं. लाइव्हरावांचं सगळंच उलटं. गिटारची तार तुटली, गायक ओळ विसरला, प्रेक्षकांत कुणी खोकलं, की यांच्या अंगावर काटा यायचा. स्टुडिओतला अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोतला नवरा, आणि लाइव्ह म्हणजे तोच माणूस सकाळी उठल्यावर, असं त्यांचं ठाम मत होतं. (हे मत त्यांनी एकदा घरी मांडलं, तेव्हा बायकोने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून "अगदी खरं" म्हटलं होतं.)

घरात तर रॉक लावायची सोयच नव्हती. पहिल्या गिटारलाच बायको येऊन बटण बंद करायची. म्हणजे मंडळात हरले, तर त्या माणसाचे कान वर्षभर उपाशी राहणार. दोन्ही पक्ष बरोबरीत होते. जो हजर त्याला मत, असा मंडळाचा नियम होता.

"अगं, चल ना. फक्त हात वर करायचाय."

"अहो, आई आलीय. तिला एकटीला टाकून कशी येऊ?"

"त्यांनाही घे की!" लाइव्हराव जवळजवळ ओरडलेच. सासूबाईंना कुठेतरी न्यावं असं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

सभेत डॉक्टर आधी बोलले. मुद्देसूद, नेटकं आणि लवकर संपणारं. मग लाइव्हराव उठले आणि त्यांनी खिशातून आपलं ब्रह्मास्त्र काढलं. लग्न ठरलं तेव्हा मेहुण्याने दिलेली एक कॅसेट. "दाजी, असं रेकॉर्डिंग जगात कुठे मिळणार नाही," असं तो म्हणाला होता.

"मंडळी, तिसरं गाणं ऐका," लाइव्हराव भारावून म्हणाले. "गिटारचा सोलो टिपेला पोचलाय आणि अचानक ड्रमर एक ठोका मारतो. तो तालात नाही. तो तालाच्या पलीकडे आहे! असा ठोका कुठल्याही अल्बममध्ये सापडणार नाही. या ठोक्यासाठी मी इतकी वर्षं जगलो."

कॅसेट सुरू झाली. गिटार चढत गेली, चढत गेली, आणि ढण्णण्! खिडकीची काच थरथरली. डॉक्टरांचीसुद्धा भुवई वर गेली. लाइव्हरावांनी डोळे पुसले.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "हे तर माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण!"

"आई, गप्प बस गं," बायको कुजबुजली.

"गप्प काय? माझं झाकण मी ओळखणार नाही? तुझ्या भावाने रेडिओवरचा कार्यक्रम टेप केला होता. रेडिओ स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर याचा टेपरेकॉर्डर. मला म्हणे, आई, अजिबात आवाज करू नकोस. नेमका तेव्हाच हात भाजला आणि झाकण पडलं."

लाइव्हरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. (खाली चष्म्याचं दुकान होतं, तेही रविवारचं बंद.) पण डॉक्टर हात जोडून उभे राहिले होते.

"आई, तो ठोका मारताना तुम्हाला आतून काय वाटत होतं?"

"भाजल्यासारखं वाटत होतं."

"ऐकलंत?" डॉक्टर थरथरत मंडळींकडे वळले. "ड्रमर मानधन घेऊन मारतो. यांनी वेदनेतून मारलाय!"

झालं! स्टुडिओ पक्ष जागच्या जागी विरघळला. एकाने झाकण पितळेचं होतं की स्टीलचं ते विचारलं. दुसऱ्याने सासूबाईंसमोर चष्म्याचं घर सहीसाठी धरलं. "पुढचा कार्यक्रम कधी?" असं तिसऱ्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पातेलं आणलं नाहीये." लाइव्हरावांच्या जिवात जीव आला. ठोका कुणाचा का असेना, शोध तर त्यांचाच होता!

"मग घ्यायचं मतदान?" ते म्हणाले.

"थांबा! बाईंचं पुढे आणखी काही असेल," असं म्हणत डॉक्टरांनी आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. घरच्या मशीनवर, बायको बाहेर गेल्यावर चोरून हळू आवाजात ऐकताना जी नुसती खरखर वाटायची, ती आता स्वच्छ बोलायला लागली.

"काय गं, नक्की ना हाच?" कॅसेटमधल्या तरुण सासूबाई विचारत होत्या. "मला तर जरा अर्धवट वाटला. बसला होता तेवढा वेळ नुसती मान हलवत होता."

"असू दे गं आई," कॅसेटमधली बायको म्हणाली. "दुसरं कोण येतंय? आणि पाण्याच्या खात्यात आहे. निदान नळाला पाणी तरी येईल."

त्याबरोबर हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या वाजल्या. "पुन्हा! पुन्हा!" म्हणत मंडळही उठून उभं राहिलं.

"अगं, हे तू खरंच..."

"अहो, मला काय माहीत टेप चालू आहे ते," बायको म्हणाली. "आणि पाणी तरी कुठे नीट येतंय?"

मतदान झालं. लाइव्हच्या बाजूने धडाधड हात वर गेले. डॉक्टरांनी तर दोन्ही केले. मग रीत म्हणून त्यांनी विचारलं, "स्टुडिओच्या बाजूने कुणी?"

लाइव्हरावांच्या डोळ्यांसमोर स्टुडिओ उभा राहिला. बंद दारं, जाड भिंती, काचेमागे बसलेला एक समंजस माणूस. नको ते सगळं तो पुसून टाकतो आणि त्या जागी व्हायोलिन भरतो.

एक हात हळूहळू वर गेला. तो कुणाचा हे बघायला सासूबाईंनी चष्मा लावला.