हंगामी बस आणि चौथे कलम

एका जंगलात एक बस होती. हसू नका मुलांनो. तिलोत्तमा नावाच्या हरिणीने त्या बसचे इतके सुंदर चित्र मनात रंगवले होते की आधी ते पाहा, मग हसा.

तिच्या मनातली बस पानाच्या रंगाची होती. ती आवाज करत नव्हती. तिच्यात बसलेले पाहुणे गवताचा वास घेत, सागाच्या पानाची जाळी न्याहाळत आणि आपोआप गप्प होत.

प्रत्यक्षात फाटकासमोर उभी असलेली बस नारिंगी होती. तिच्यावर काळे पट्टे ओढले होते. पुढे मिशा काढल्या होत्या आणि टपावर कर्णा बांधला होता. कर्णा ओरडत होता, "चला, चला, हंगामाची शेवटची फेरी. उद्यापासून जंगल बंद."

तिलोत्तमा चार वर्षांनी परत आली होती. दूर देशीच्या एका कुरणात हरणांनाही पदव्या देतात, तिथे ती शिकत होती. तिथूनच तिने आपल्या जंगलाला एक कळकळीचे पत्र लिहिले होते. शंभर जीपगाड्या धूळ उडवतात, त्या बंद करा आणि एकच बस ठेवा, असे त्यात होते. पत्राला पाच कलमे होती. पहिले, गाडी एकच. दुसरे, हॉर्न नको. तिसरे, गाडीतून मध्येच कोणी उतरू नये. चौथे, जंगलात पायी कोणी शिरू नये, मग तो कुणीही असो. पाचवे, गाडीत बसून खाऊ नये.

"मग तो कुणीही असो" हे लिहिताना तिचे डोळे पाणावले होते. लिहिताना डोळे पाणावले की मुलांनो, वाक्य पुन्हा एकदा वाचावे. तिने वाचले नाही.

जंगलाने पत्र मान्य केले. हॉर्नचे कलम पाळून त्यांनी हॉर्नच्या जागी कर्णा बसवला. बाकीची कलमे मात्र अक्षरशः पाळली.

बससमोर मोठी रांग होती. तिच्यात सांबरे होती, नीलगायी होत्या, वानरे होती. तिलोत्तमाने सुभद्राबाई नावाच्या ओळखीच्या रानडुकरिणीला विचारले, की सगळे घर सोडून इथे बाहेर काय करताय. सुभद्राबाईंनी पिलांना नाकाडाने रांगेत सरळ केले.

"अगं बाई, तुझ्याच पत्रात आहे की. कुणीही असो. आम्ही कुणीही नाही होय? पहिल्याच दिवशी निघालो सगळे बाहेर. आता तिकीट काढून बघून येतो अधूनमधून घर."

"सगळे निघालात?"

"तुझी आई तेवढी राहिली. तिचा पाय दुखत होता. आणि तिला वाचता येत नाही."

तिलोत्तमाची आई दुसऱ्या वळणावर, बेहड्याच्या झाडाखाली राहत असे. शेजारी ओढा होता. पावसात ओढा भरला की ती जागा पाण्याखाली जाई आणि दरवर्षी कळपातले कोणीतरी आईला ढोसत वरच्या टेकाडावर नेई. यंदा कळप तिकिटाच्या रांगेत होता. आईला आजच टेकाडावर न्यायला हवे होते, कारण उद्यापासून तीन महिने बस नव्हती. आणि पायी जाण्यावर बंदी होती. ती कोणी घातली, हे तुम्हाला सांगायला नको.

तिने तिकीट काढले. शिकलेली हरिणी होती. आपलाच नियम मोडायची तिला लाज वाटली.

बस अस्वल चालवत होते. त्याला चार हातांपलीकडचे दिसत नसे, म्हणूनच त्याची नेमणूक झाली होती. ज्याला पुढचे दिसते तो ब्रेक लावतो आणि फेरीला उशीर होतो. पुढच्या दांडीवर कोतवाल पक्षी बसला होता. तो गाईड होता. त्याने सगळ्यांना बजावले, की वाघ दिसला तर ओरडू नये, आणि न दिसला तर पैसे मागू नयेत.

पूर्वी या जंगलात वाघ दिसला की सगळे पळत. आता तो दिसला नाही की सगळे भांडत. संपूर्ण हंगामात तो कोणाला दिसला नव्हता. तरी बस रोज भरत होती.

तिलोत्तमा खिडकीशी बसली. बाहेर पळस होता, मोहाची झाडे होती, वारुळे होती. कोणी तिकडे बघत नव्हते. पुढच्या सीटवरची दोन चितळे आपसात म्हणत होती, की पैसे वाया जाणार असे दिसते, काहीच नाही इथे.

दुसरे वळण आले. बेहड्याखाली एक म्हातारी हरिणी एक पाय उचलून उभी होती.

तिलोत्तमा उठली. तिने कोतवालाला सांगितले, की गाडी थांबवा, ती माझी आई आहे.

"ताई, सायटिंग असलं, म्हणजे वाघ दिसला, तरच गाडी थांबते. हे नुसतं हरीण आहे."

"मीही हरीणच आहे."

"म्हणून तर तुमच्यासाठीही थांबवत नाही," कोतवाल म्हणाला. पुढची दोन चितळे मान डोलावून हसली.

आई मागे पडू लागली. मग तिलोत्तमाने ते केले, जे तिच्या आजवरच्या शिक्षणात बसत नव्हते. तिने मान ताणली आणि वाघ दिसल्यावर चितळ ओरडते तशी ओरडली.

अस्वलाने करकचून ब्रेक दाबला. सगळी बस डाव्या बाजूला लोटली. कोणी हात जोडले. सुभद्राबाईंनी पिलांना खिडकीवर उचलून धरले. शेपूट दिसली, असे एक वानर म्हणाले. मग सगळ्यांनाच शेपूट दिसली. एका नीलगायीला तर डोळेही दिसले.

आईने मात्र कान टवकारले. तो आवाज लेकीचा आहे हे तिला कळले नाही. तो आवाज वाघ आल्याचा आहे, एवढेच कळले. ती लंगडत लंगडत बांबूत पळून गेली.

तिलोत्तमा दाराकडे वळली. सगळे डावीकडे गेल्यामुळे मागची लांब सीट रिकामी झाली होती. तिच्यावर एकच आजोबा उरले होते. भर उन्हाळ्यात त्यांनी माकडटोपी घातली होती. तेही उठून, वाकून विचारत होते, "कुठं आहे हो? मला दिसेना."

वाकताना टोपी सरकली. आतून दोन गोल कान निघाले. कानांच्या मागे पांढरे ठिपके होते.

तिलोत्तमाने ओरडायला तोंड उघडले.

"आता पुन्हा ओरडू नकोस, बाळ," वाघ हळूच म्हणाला. "एकदा ओरडलीस तेवढं पुरे. आणि खरं तेच ओरडलीस."

गाडी पुन्हा सुटली आणि त्याने आपली कहाणी सांगितली. त्याची गुहा ओढ्यापलीकडे होती. पत्र वाचून दाखवले तेव्हा त्याला वाटले, कुणीही म्हणजे आपणही. तोही बाहेर आला. हंगाम सुरू झाल्यापासून रोज तिकीट काढून बसत होता. रोज गुहेवरून जात होता. उतरता येत नव्हते. लोक वाघासाठी इतके बाहेर बघत, की मागच्या सीटवर कोण आहे हे बघायला कोणाला फुरसत नव्हती. सुरुवातीला त्याला वाईट वाटे. मग तोही बाहेर बघू लागला.

"पण मग तुम्ही आम्हाला..."

"गाडीत बसून खायला मनाई आहे. पाचवं कलम. छान लिहिलंयस. फाटकाबाहेरच्या टपरीवर पोहे खातो मी. पित्त झालंय त्यानं."

बस फाटकाशी परतली. प्रवासी खूश होते. कोतवालाने तिलोत्तमाला बाजूला घेतले आणि पुढच्या हंगामात रोज ठरावीक वळणावर ओरडण्याचे काम देऊ केले. जागा हंगामी आहे, पण मान कायमचा, असे तो म्हणाला. मग त्याने फाटकाला कुलूप लावले.

सकाळी तिलोत्तमा फाटकाशी आली. पश्चिमेचे आभाळ काळे झाले होते. कुलूप भक्कम होते. पण फाटकाच्या दोन्ही बाजूंना काही नव्हते. भिंत नव्हती, कुंपण नव्हते, काटेरी झुडूपसुद्धा नव्हते. बाजूच्या फळ्यावर तिची पाच कलमे लिहिली होती. ती खडूने लिहिली होती.

मागून पोह्यांचा वास आला. आजोबा उभे होते. त्यांच्या हातात माकडटोपी होती.

"जाणार असशील तर आधीच सांगतो," वाघ म्हणाला. "तू गेलीस की मीही जाणार. आणि आत पाऊल टाकलं की मी प्रवासी राहणार नाही. सबंध हंगाम पोह्यांवर काढलाय मी."

तिने फाटकापलीकडे पाहिले.

"तू पुढे हो. मी शंभर मोजतो, मग निघतो. पण मला नीट मोजता येत नाही, हेही सांगून ठेवतो."

इथेच थांबले तर तीन महिने जिवाला धोका नव्हता. टपरी होती, कोतवालाने देऊ केलेली जागा होती, आणि शेजारी बसणारा वाघ सभ्य होता. आत आई होती, एका पायाने लंगडी. ओढा होता. आणि शंभरानंतर वाघ होता.

तिलोत्तमा फळ्यापाशी गेली. चौथे कलम तिने जिभेने चाटून पुसून टाकले. खडूची चव वाईट होती. मग तिने फाटकाला वळसा घातला आणि चारही खूर पलीकडच्या मातीत रोवले.

"मोजायला लागा, आजोबा," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, बसमधून कधीही उतरू नये. बसमध्ये वाघदेखील सज्जन असतो. घर तेवढे येत नाही, पण खिडकीतून छान दिसते.