टिल्लूसाहेबांच्या ताटावरची बट्टी

बोरखेड्याच्या विद्यापीठात माणूस ताटात जे टाकून उठतो, ते त्याच्या मागे मागे येतं. पोळी असली तर कडेवर उभी राहून चाकासारखी येते. भात ढिगानं सरकतो. वरण जरा रेंगाळतं, पण येतं.

आधी असं नव्हतं. आधी खानावळीतलं उरलंसुरलं पिंपांत जायचं, पिंपं उतू जायची आणि आवारातली कुत्री बसल्या जागी लठ्ठ व्हायची. मग विद्यापीठानं पर्यावरण राखायच्या नव्या कल्पना मागवल्या. पर्यावरण कक्षात हर्षला नेहेते म्हणून एक कंत्राटी बाई होती. तिच्या आधीच्या कल्पना वरच्यांनी न वाचताच परत पाठवल्या होत्या. ही तेवढी वाचली. विद्वत्सभेनं ठराव केला आणि पुढच्या सोमवारपासून अन्न मागे यायला लागलं. सभेनं ठराव केल्यावर न येऊन सांगतं कोणाला?

सुटायच्या वाटा दोनच. एक, आपलं आपण खाऊन टाकायचं. दुसरी, ग्रंथालयामागच्या खतखड्ड्यात आपल्या हातानं नेऊन सोडायचं आणि त्याची माती होईस्तोवर रोज सकाळी येऊन वरखाली करायचं. दुसऱ्याला खाऊ घालून भागत नाही. वसतिगृहातल्या एका शहाण्यानं उरलेली खिचडी खोलीतल्या सोबत्याला भरवली, तर तेव्हापासून तो सोबतीच त्याच्या मागे फिरतो. बिचाऱ्याचं लग्न ठरलंय, आता बघायचं काय होतं ते.

फाटकाबाहेर गेलं म्हणूनही सुटका नाही. एक बाहेरगावचे परीक्षक अर्धी पुरी टाकून एस.टी.त बसले, तर पुरी पायरी चढून आत आली आणि कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. पण पिंपं रिकामी झाली, हे खरं. कुत्रीसुद्धा पळायला लागली.

हे सगळं तपासायला राजधानीतून समिती आली. तिचे अध्यक्ष डॉ. टिल्लू. अंगानं काडी, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि बोलणं असं की समोरच्यानं स्वतःचं नाव एकदा आठवून बघावं. सकाळभर त्यांनी हर्षलाला समोर बसवून विचारपूस केली. अन्नाची संमती घेतली होती का, असं विचारलं. अन्नानं हरकत नोंदवलेली नाही, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी पेन मिटलं.

"पाहुण्यांनाही हा नियम लागू आहे?"

"आहे, सर."

"म्हणजे मलाही."

"जेवलात तर, सर."

"मला संध्याकाळची गाडी आहे. उद्या मंत्रालयात बैठक. माझ्या मागे काही आलं, तर मी ही योजना बंद करीन. मग तुमच्या जागेचंही काही कारण उरत नाही. तुम्ही समजूतदार दिसता."

हर्षला समजूतदारच होती. म्हणून तिनं लगेच चपला चढवल्या. कारण जेवण कुलगुरूंच्या घरी होतं.

कुलगुरू अत्तरदे सर माणूस सज्जन, पण त्यांच्या घरून पाहुणा आपल्या पायांनी चालत गेला तर पाहुणचार कमी पडला असं धरतात. त्यातून बेत वरण-बट्टीचा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली, मुठीएवढी, तुपात बुडवून काढलेली बट्टी. दोन खाल्ल्या की गडी माणूससुद्धा भिंतीला पाठ टेकतो. हर्षला समितीच्या आधी धावत बंगल्यावर गेली. तिच्या टाचेला टाच लावून तिची चतकोर भाकरीही गेली. पहिल्या सोमवारी, ठराव चालतो का बघायला, तिनं ती मुद्दाम टाकली होती. वाळून कौल झाली होती, तरी सोबत असायची.

स्वयंपाकघरात सरांच्या मंडळी शैलजावहिनी तूप पातळ करत होत्या. हर्षलानं त्यांना सगळं सांगितलं, हातच जोडले, आज आग्रह करू नका म्हणाली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ माय, पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो तो लाजेनं. दुसऱ्यांदा म्हणतो तो रीत म्हणून. तिसऱ्यांदा नको म्हणाला की वाढायचं."

"आणि खरंच नको असलं तर?"

"मग तो जेवायला कशाला आला?"

हर्षलानं वरणाची बादली तेवढी मागून घेतली. म्हणजे टिल्लूसाहेबांच्या पाटाशेजारी उभं राहायला निमित्त झालं.

पंगत बसली. समितीचे बाकी दोघं बट्टी बघूनच खूश झाले आणि त्यांनी पट्टे सैल केले. त्यांची काळजी नव्हती. टिल्लूसाहेबांनी मात्र आधीच अर्धी मागितली. वहिनी हो हो म्हणाल्या आणि त्यांनी पूर्ण वाढली, कारण बट्टी मोडून वाढणं म्हणजे पाहुण्याला अर्धं समजणं.

ती त्यांनी संपवली. कपाळावर घाम आला, पण संपवली. मग दोन्ही हात ताटावर आडवे धरून बसले.

वहिनी बट्टीची परात घेऊन समोर थांबल्या. हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत. वाढणाऱ्या बाईला ठाऊक असतं, माणूस कधी ना कधी पाणी पिणारच. साहेबांना तूप घशाशी आलं, त्यांनी पेला उचलला, आणि दुसरी बट्टी ताटात पडली.

टिल्लूसाहेबांनी हर्षलाकडे एकदा बघितलं. रागानं नाही, बुडणारा काठाकडे बघतो तसं. आणि कुस्करायला लागले. घास घेताना डोळे मिटायचे, गिळला की उघडायचे. सगळे त्या ताटाकडे बघत होते. शेवटचा घास जाता जाईना. तो गेला आणि त्यांनी बोटानं ताट निपटलं.

तेवढ्यात कुलगुरू उठले.

त्यांनी वहिनींच्या हातातून परात घेतली आणि म्हणाले, आता एक यजमानाच्या हातची. साहेब हात आडवे घालणार होते, पण त्यांचे हात आता खालून वर येत नव्हते. सरांनी बट्टी उचलली. हर्षलानं बादली खाली ठेवली, वाकली, आणि आपले दोन्ही हात टिल्लूसाहेबांच्या ताटावर धरले.

"हर्षला, हात काढ."

"नाही काढत, सर."

"पाहुण्याच्या ताटावर हात? आपल्यात असं करतात का?"

"करत नाहीत, सर. मी करतेय."

सरांच्या हातातली बट्टी तुपानं निसटली म्हणा, का त्यांनी सोडली म्हणा. ती हर्षलाच्या हातावर पडली. चांगली कढत होती. हर्षलाचे डोळे भरून आले, पण हात होते तिथंच राहिले.

मग टिल्लूसाहेबांनीच, सकाळी विचारत होते त्याच आवाजात विचारलं, ही बट्टी माझ्या ताटात आली असं धरायचं का. हर्षला म्हणाली, नाही, ती माझ्या हातावर आहे. सर म्हणाले, मग तू खा. ती म्हणाली, मला वाढलेली नाही. एका सदस्यानं ठरावाची प्रत काढून बघितली. हातावर वाढलेल्या अन्नाबद्दल तिच्यात काही नव्हतं.

"ती जाते कोणामागे, ते बघू," टिल्लूसाहेब म्हणाले. भिंतीचा आधार घेऊन ते उठले.

हर्षलानं हात तिरपे केले. बट्टी घरंगळली, सतरंजीवर पडली आणि जरा थांबली. मग निघाली.

आधी ती टिल्लूसाहेबांकडे गेली. त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी थांबली. साहेबांनी पाय मागे घेतला नाही. त्यांची गाडी, उद्याची बैठक, हर्षलाची जागा, सगळं त्या अंगठ्यापाशी येऊन थांबलं होतं. कोणीतरी शिंकणार होतं, त्यानं शिंक गिळली.

बट्टी वळली आणि हर्षलाकडे आली. तिच्या टाचेशी बसलेल्या भाकरीनं जरा सरकून जागा केली. बट्टीनं भाकरीला वळसा घातला आणि पुढे गेली. सतरंजीवर तुपाची रेघ ओढत ती सरळ कुलगुरूंच्या पायाशी जाऊन टेकली.

सर एक पाऊल डावीकडे सरकले. बट्टी सरकली. सर ओसरीवर जाऊन आले. बट्टीही उंबरठा ओलांडून गेली आणि आली.

"पण मी तर अजून जेवलोच नाही," सर म्हणाले.

"बरोबर आहे," टिल्लूसाहेब म्हणाले. "तुम्ही वाढलीत." मग हर्षलाकडे वळले. "ताटात टाकतो त्याच्या मागे येतं, तसं नको असताना वाढतो त्याच्याही मागे येतं. तुमच्या मसुद्यात हे नव्हतं. घाला. योजना चालू राहील, आणि ती चालवायला माणूस लागेल, असं मी लिहितो."

वहिनी नवऱ्याला हळूच म्हणाल्या, खाऊन टाका ना. सरांना ते पटेना. पाहुण्याला वाढलेलं यजमानानं कसं खायचं?

समिती संध्याकाळच्या गाडीनं गेली. तिच्या मागे काही गेलं नाही. हर्षलाला कायम केल्याचा कागद आला तोवर हातावरचे फोड बसले होते. कुलगुरूंची बट्टी आता विद्वत्सभेला त्यांच्या उजव्या हाताला असते. आधी जमिनीवर असायची, पण ते बरं दिसेना म्हणून खुर्ची दिली. खतखड्ड्यात सोडा, असं त्यांना सुचवलं गेलं. त्यांनी विचार करतो म्हटलंय.

शैलजावहिनी आता एकदाच विचारतात. पाहुणा लाजेनं नको म्हणतो, त्या बरं म्हणून पुढे जातात, आणि पाहुणा अर्धपोटी उठतो. त्याची ती राहिलेली भूक वहिनींच्या मागे का जात नाही, असा प्रश्न एकानं सभेत काढला होता. तो पुढच्या बैठकीवर ठेवलाय.

हर्षला दिवे लागायच्या वेळी विद्यापीठातल्या आपल्या खोलीवर येते. एकटीच राहते. मनात आणलं असतं तर वरणात भिजवून ती भाकरी कधीच खाऊन टाकली असती, दात चांगले आहेत तिचे. कुलूप काढते, दार उघडते आणि बाजूला होते. आधी भाकरी आत जाते. मग ती.