नियम सात : जावयास मारू नये

बॉक्सिंग हा मुळात अत्यंत सुरक्षित खेळ आहे. त्यात होणाऱ्या सगळ्या इजांचा बारकाईने अभ्यास केला तर एकच कारण हाती लागतं, ते म्हणजे समोरचा मारतो. हे कारण दूर केलं की उरतो तो निव्वळ व्यायाम, आणि तो धामणगाव बढे येथे गेलं दीड वर्ष बिनबोभाट चालू आहे.

मंडळाचं पूर्ण नाव 'हौशी मुष्टियुद्ध व आरोग्यवर्धक मंडळ'. अध्यक्ष गुलाबराव, सोसायटीचे निवृत्त सचिव. त्यांनी उभ्या हयातीत कोणाला बुक्की मारली नव्हती, पण नियमावाचून एक दिवसही काढला नव्हता. जागा त्यांच्याच रिकाम्या कापसाच्या गोदामाची. शिकवायला बुलढाण्याहून मोटारसायकलवर कुलदीप सर येत. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हाताला पट्टी बांधल्याशिवाय ग्लोव्हज घालायचे नाहीत, दातांत गार्ड धरल्याशिवाय कोणासमोर उभं राहायचं नाही, मानेमागे मारायचं नाही, सरावात पूर्ण ताकद लावायची नाही, आणि जोडी लावायची ती वजन पाहून. मंडळाला हे पटलं. शेजारच्या अडत्याचा काटा आणण्यात आला (अंगावरच्या कपड्यांचा कडता, म्हणजे वजावट, धरावा की नाही, यात अर्धा तास गेला).

काट्यावर सभासद भगवंतराव आणि त्यांचे व्याही बरोब्बर सारखे भरले, म्हणून सरांनी त्यांची जोडी लावली. थोड्याच वेळात व्याह्यांचा डावा हात भगवंतरावांच्या नाकावर बसला. नाकाचं काही नाही, ते संध्याकाळपर्यंत उतरलं. पण मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला चारचौघांत मारलं, ही सूज दिवाळीपर्यंत उतरली नाही. सून महिनाभर माहेरी राहिली.

मंडळाच्या सुरक्षा समितीची तातडीची सभा भरली. समितीचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. सरांच्या पिशवीत डोक्यासाठी गार्ड होतं, दातांसाठी होतं, पोटाखालच्या भागासाठीही होतं (ते सरांनी नुसतंच दाखवलं). नातेसंबंधांसाठी मात्र काहीच नव्हतं. एवढी मोठी उणीव ठेवून खेळ चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. सबब नियमावली सुधारण्यात आली. वडीलधाऱ्यास मारू नये. पुतण्याने काकास फक्त अडवावे. ज्यांचा बांधावरून वाद आहे त्यांची जोडी लावू नये, कारण ते खरंच मारतील. कुलदीप सरांचं लग्न व्हायचं आहे, उद्या ते कोणाचेही जावई होऊ शकतात, म्हणून खबरदारी म्हणून त्यांनाही मारू नये. हे सगळं लावून पाहिल्यावर बत्तीस सभासदांत एकमेकांना मारू शकतील असे दोन उरले, आणि त्यातला एक पुण्याला नोकरीला लागला. राहता राहिली ठोसे मारायला टांगलेली, कुटार म्हणजे भुसा भरलेली थैली. मंडळात तिचंच तेवढं कोणाशी नातं नव्हतं, आणि तिचे हाल पाहवत नसत.

नियम सात, जावयास मारू नये, हा खरं तर लिहायचीही गरज नव्हती.

जावई म्हणजे राजकुमार, गुलाबरावांची थोरली मुलगी छाया हिचा नवरा. मूळचा संग्रामपूरचा, पण लग्नानंतर सासऱ्यांचं कृषी केंद्र सांभाळायला इथेच राहिला. गुलाबरावांचा जावई तो गावाचा जावई. वयाने लहान असला तरी मानाने मोठा, त्यामुळे त्याने कोणालाही मारलं तरी चाले. त्याच्यासमोर लोक मोठ्या आपुलकीने पडत. कडूबा तर साठी ओलांडलेले, पण राजकुमारच्या ठोशाच्या वाऱ्यानेच आडवे होत (मागे त्यासाठीच आणलेली सोयाबीनची पोती असत, जागा आधी पाहून ठेवलेली). तो एकही लढत हरला नव्हता. आपण चांगले आहोत असं त्याला वाटू लागलं, यात त्याचा दोष नाही. रोज कोणी ना कोणी समोर कोसळत असेल, तर माणसाने दुसरं काय समजावं? आरशासमोर तो हल्ली जबडा थोडा पुढे काढून उभा राहत असे.

त्याचे फोटो मोबाइलच्या स्टेटसवरून संग्रामपुरात पोचले आणि तिथल्या क्लबाने आमंत्रण धाडलं. मैत्रीपूर्ण लढत, तीन फेऱ्या. राजकुमार हरखला. ज्या गावाने आपल्याला शेंबडा पाहिलं, त्या गावाला आता दाखवायचं होतं.

छाया मात्र तडक वडिलांकडे गेली. संग्रामपुरात तो कोणाचाच जावई नव्हता.

"बाबा, तोंड फुटून येईन त्याईचं तिकून," ती वडिलांना म्हणाली. "इथं एखाद्यानं तरी खरं मारा ना त्याईले."

"जवायाले? आपल्या दारात?" गुलाबरावांनी कानाला हात लावला. "मंग तूच सांगून टाक त्याईले."

"मी काऊन सांगू? लोकं तुमी पाडले न त्याईच्या म्होरं."

पुन्हा सभा. विषय एकच, जावयास कोण मारू शकतो. बायकोचं नाव निघालं, पण घरचं घरी बरं, असं ठरलं. मेहुण्याने मारलं तर उद्या वाटणीच्या वेळी ते उकरून निघेल. सभा उठायला आली तेव्हा चहाचे कप गोळा करत मंजुळाबाई, म्हणजे जावयाच्या सासूबाई, म्हणाल्या, "साळीले काऊन विसरले? लग्नात जोडे चोरते थे चालते. मंग बुक्की काऊन नाई चालत?"

समिती थक्क झाली. सालीने जावयाच्या बाबतीत केलेली कोणतीही कृती थट्टा समजण्यात यावी, असा ठराव एकमताने झाला. धाकटी मुलगी डिंपल अकोल्याला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत होती आणि नेमकी सुटीवर आली होती. कुलदीप सरांनी दोघांच्या पट्ट्या स्वतः बांधल्या. एवढ्या मनापासून त्यांनी आजवर कोणाच्याच बांधल्या नव्हत्या.

"भाऊजी, हात वर ठेवा," डिंपल म्हणाली.

"राहू दे वं. तुले लागन."

यानंतर थट्टा झाली. राजकुमार खाली बसला. दात शाबूत राहिले, याचं श्रेय गार्डला. त्याला आधी नवल वाटलं की हे दुखतं. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून त्याने आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. कडूबा सोयाबीनच्या पोत्यांकडे बघत होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आणि पार कानापर्यंत लाज वाटली.

घरी छाया गालावर बर्फ धरून बसली.

"कडूबाभाऊ बी?" त्याने विचारलं.

"हाव."

"सगळेच?"

"थैली सोडून," छाया म्हणाली.

रात्रभर तो पाठ फिरवून पडून राहिला. सकाळी मात्र गोदामात जाऊन डिंपलला म्हणाला, "अजून मार." पुढचे पंधरा दिवस थट्टा अखंड चालली. त्याचा जबडा निळा पडला, मग पिवळा, पण हात वर राहायला शिकले. मान वाकायला शिकली. ठोसा येताना डोळे मिटायचे नाहीत हेही जमलं, आणि ते सगळ्यात अवघड होतं.

संग्रामपुरात तो गुणांवर हरला. पण तिन्ही फेऱ्या उभा होता. तिसऱ्या फेरीत त्याचा उजवा हात एकदा खरोखर बसला, समोरच्याची मान मागे गेली, आणि नंतर तोच पोरगा पट्ट्या सोडता सोडता म्हणाला, "उजवा मस्त हाय बे तुहा." परतताना जीपमध्ये राजकुमार सुजलेल्या ओठांनी सारखा हसत होता. आजवरच्या सगळ्या विजयांचा मिळून एवढा आनंद त्याला झाला नव्हता. "हारलो, पण खरा हारलो," तो छायाला म्हणाला. आता गोदामातला तो तमाशा बंद करायचा, उद्याच सगळ्यांना सांगायचं, असं त्याने वाटेतच ठरवलं. छायाने त्याचा हात धरला. तिला तो लग्नानंतर पहिल्यांदा इतका आवडला.

गावात हलगी वाजत होती. 'विजयी वीराचे हार्दिक स्वागत' हा फलक आधीच छापून आला होता (एकदा छापलेला मजकूर बदलता येत नाही, गुलाबराव म्हणाले).

दुसऱ्या दिवशी गोदामात सगळे जमले. समोर कडूबा उभे राहिले. राजकुमारने "कडूबाभाऊ, आता बस झालं," असं सांगण्यासाठी हात वर केला. तोंड उघडण्याआधीच त्या हाताचा वारा कडूबांना लागला आणि ते पोत्यांवर पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुलाबरावांचे डोळे भरून आले. दाराशी उभी असलेली छाया त्याच्याकडे बघत होती, आता सांगतील, आता सांगतील म्हणून.

हात वरच होता. राजकुमारने तो तसाच राहू दिला.

हे वाचून कोणाला हसू आलं असेल तर मंडळाला आनंदच आहे. सभासदत्व सर्वांना खुलं आहे. प्रवेशापूर्वी एकच प्रश्न विचारला जातो. घरात किंवा कचेरीत तुमच्याशी वाद घालता घालता "बरं, तुमचंच बरोबर" म्हणून जो शेवटी गप्प बसला, तो तुमचा कोण लागतो? उत्तर देण्याआधी दातांत गार्ड धरावं.